ठोकल्यावर गाडी सुरू का होते?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात मी तीन वर्षं काम शिकलो. तिथल्या पहिल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. सकाळचे साडेसात वाजले असतील. एक गृहस्थ छत्रीसुद्धा न घेता भिजत आले. गाडी पाठीमागच्या गल्लीत उभी होती. घरात आई आजारी, तिला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’ वाजत होतं. वस्तादांनी मला टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, आणि लहान हातोडी घ्यायला सांगितलं आणि आम्ही निघालो.

तिथे पोचल्यावर वस्तादांनी हातोडीला हात लावला नाही. आधी म्हणाले, “हेडलाइट लावा आन् किल्ली मारा.” दिवे होते तसे लख्ख राहिले, आतून एकच ‘टक’ आलं. गिअर न्यूट्रल आहे का, हँडब्रेक ओढलाय का, हे त्यांनी स्वतः हात घालून बघितलं. मग बॉनेटखाली वाकून टॉमीचं एक टोक सेल्फच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरच्या, अंगावर टेकवलं आणि वरच्या टोकावर हातोडीने दोन हलके ठोके दिले. “मारा आता.” इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

गृहस्थांनी हात जोडले. वस्ताद म्हणाले, “दवाखाना येईस्तोवर बंद करू नका. तिथनं परत इकडंच घेऊन या. सुरू झाली म्हंजे बरी झाली न्हाई.”

त्यांचं ते शेवटचं वाक्य मला बऱ्याच उशिरा कळलं. ठोका मारून गाडी दुरुस्त होत नाही. आतला कुठला भाग थकलाय, अडकलाय किंवा झिजलाय हे ठोका दाखवून देतो, आणि वर एक संधी देतो. ती संधी वापरून जो गाडी गॅरेजला नेतो तो शहाणा. जो रोज सकाळी ठोकूनच गाडी काढतो तो एक दिवस आडरानात अडकतो. पण मुळात एका ठोक्याने अडलेली वस्तू सुटते कशी, तिथपासून सुरुवात करू.

भिंतीत खिळा अंगठ्याने दाबून बघा. सगळा जोर लावला तरी तो जात नाही. हातोडीचा एक साधा ठोका त्याला आत घालतो. यातला हिशोब अवघड नाही. समजा हातोडीचं डोकं अर्ध्या किलोचं आहे आणि ते सेकंदाला ६ मीटर वेगाने येतंय. आदळल्यावर ते साधारण एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबलं, असं धरू. इतक्या थोड्या वेळात तो वेग शून्यावर आणायला सरासरी ३००० न्यूटन बल लागतं, म्हणजे जवळजवळ ३०० किलोचं वजन टेकवल्यासारखं. मनगटाच्या हालचालीतून क्षणभरासाठी एवढं बल मिळतं. अंगठ्याने ते कधीच मिळणार नाही.

दुसरी गोष्ट घर्षणाची. जड कपाट सरकवताना पहिला रेटा फार जोरात द्यावा लागतो, एकदा हललं की मग ते त्यामानाने सहज जातं. थांबलेल्या वस्तूचं घर्षण सरकत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. शाळेत आपण त्यांना स्थिर आणि गतिज घर्षण म्हणायचो. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी जवळून पाहिले तर ते खडबडीतच असतात. वर्षानुवर्षं एकमेकांवर टेकून बसले की त्यांचे उंचवटे एकमेकांत रुततात, मध्ये धूळ, काजळी, वाळलेलं ग्रीस भरतं. ठोक्याची लहर त्या धातूतून धावते तेव्हा हे पृष्ठभाग क्षणभर एकमेकांपासून सुटतात. तेवढ्यात स्प्रिंगने किंवा वजनाने त्या भागाला जिकडे जायचं असतं तिकडे तो सरकतो. डब्यात डाळ भरताना आपण डबा ओट्यावर दोनदा आपटतो आणि डाळ खाली बसते. डाळीला कुणी दाबलेलं नसतं. आपटल्यामुळे दाणे एकमेकांपासून क्षणभर मोकळे होतात आणि आपल्या वजनानेच जागा घेतात. गाडीतही बहुतेक वेळा हेच होतं, म्हणून योग्य जागी पडलेला हलका ठोका पुरतो.

आता सेल्फकडे येऊ, कारण गाडीत सर्वात जास्त मार याच भागाने खाल्ला असेल.

मोटारगाड्या नव्या होत्या तेव्हा पुढून दांडा घालून इंजिन हाताने फिरवावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी यावर विजेचा स्टार्टर काढला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो आला. केटरिंग यांनी त्याआधी दुकानांतल्या गल्ला मोजणाऱ्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच लागते. जी मोटर काही सेकंदच चालणार आहे, तिच्यावर तिच्या आकाराच्या मानाने खूप जास्त भार टाकला तरी ती जळत नाही, ही समज त्यांनी गाडीत आणली. आजचा सेल्फही त्याच समजुतीवर चालतो. किल्ली फार वेळ फिरवून धरू नका असं सांगतात ते याचसाठी.

हा भार केवढा असतो ते बघा. घरातली १००० वॅटची इस्त्री साधारण साडेचार ॲम्पिअर वीज घेते. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० ॲम्पिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त घेतो, मोठ्या डिझेल इंजिनाचा ३०० च्याही पुढे जातो. बॅटरी फक्त १२ व्होल्टची, म्हणून सगळं काम ॲम्पिअरच्या जोरावर करावं लागतं. त्यामुळे वाटेत जरासा अडथळाही महागात पडतो. एखाद्या जोडावर ०.०२ ओहमचा रोध आला, म्हणजे बोटाला जाणवणारही नाही इतकी काजळी जमली, तरी १०० ॲम्पिअरला २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. १२ मधले २ तिथे गेले की सेल्फची ताकद लगेच उतरते.

असे अडथळे दोन ठिकाणी येतात.

पहिलं सोलेनॉइडमध्ये. सेल्फच्या पाठीवर जो लहान नळकांडं असलेला भाग दिसतो तो सोलेनॉइड. किल्ली फिरवली की त्याच्या आतली कॉइल एक लोखंडी दांडा ओढते. तो दांडा एकीकडे पिनियन हे लहान दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या जड चाकाच्या, दातांत अडकवतो, आणि दुसरीकडे तांब्याची एक चकती दोन जाड तांब्याच्या बोल्टांवर नेऊन दाबतो. बॅटरीची मोठी वीज त्या चकतीतून मोटरमध्ये जाते. प्रत्येक वेळी चकती टेकताना आणि सुटताना ठिणगी उडते. हजारो वेळा उडाली की तांबं काळं पडतं, खड्डे पडतात. मग एक दिवस दांडा ओढला जातो, ‘टक’ वाजतं, पण चकतीतून पुरेशी वीज जात नाही. ठोक्याने चकती जरा फिरते, तिची न जळलेली बाजू बोल्टाला लागते आणि काम होतं.

दुसरं ठिकाण कार्बनचं. सेल्फच्या आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाला, वीज द्यायची तर वायर जोडता येत नाही, ती पीळ घेऊन तुटेल. म्हणून कार्बनचे ठोकळे, बहुतेकदा चार, स्प्रिंगने आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर दाबून ठेवलेले असतात. खडू फळ्यावर झिजतो तसे ते झिजतात. झिजलेला कार्बन आखूड होतो, स्प्रिंगचा रेटा कमी पडतो, आणि झिजून पडलेली काळी भुकटी त्याच्या खोबणीत भरून त्याला अडकवते. कार्बन पट्टीपासून केसभर दूर राहिला तरी मोटर मेलेली. ठोका बसला की तो खोबणीत खाली सरकतो आणि पट्टीला लागतो.

त्या गृहस्थांची गाडी दुपारी आली. वस्तादांनी सेल्फ उतरवून बाकड्यावर माझ्यासमोर खोलला. झाकण काढताच काळी भुकटी सांडली. चारांतले दोन कार्बन नखाएवढे उरले होते, आणि त्यातला एक खोबणीत तिरका होऊन बसला होता. बोटाने ढकलला तर हलेना. वस्तादांनी बाकड्यावर मुठीने एक थाप मारली आणि तो आपोआप खाली घसरला. “सकाळी ह्योच अडकला हुता,” ते म्हणाले. सकाळी आम्ही बाहेरून जे केलं ते आत कसं घडलं असेल, हे त्या एका थापेने मला दाखवलं. नवे कार्बन बसवले, आर्मेचरच्या पट्ट्या घासून साफ केल्या.

हेडलाइटची परीक्षा मी आजही आधी करतो आणि तुम्हीही करा. दिवे लावून किल्ली फिरवा. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा तिची टर्मिनलं सैल, खराब झालीत. दिवे एकदम मंद झाले तरी शंका बॅटरीवर, टर्मिनलांवर किंवा जाम झालेल्या इंजिनावर घ्यायची. या दोन्ही वेळा सेल्फला ठोकण्यात अर्थ नाही. दिवे लख्ख आणि आवाज एकच ‘टक’, असं असलं तर दोष सोलेनॉइडच्या चकतीत किंवा कार्बनमध्ये असण्याची शक्यता मोठी. तेव्हा ठोका. सोलेनॉइडवर टिचकी मारल्यावर चाललं तर चकती बघा, मोटरच्या अंगावर मारल्यावर चाललं तर कार्बन बघा. हे शंभर टक्के खरं ठरतं असं नाही, पण कुठून खोलायला सुरुवात करायची ते कळतं.

किती जोरात मारायचं, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झालाय. जुन्या सेल्फच्या आत लोखंडी तुकड्यांवर तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या असत. त्याने बराच मार सोसला. हल्लीच्या पुष्कळ सेल्फमध्ये तारांऐवजी कायमचुंबक असतात, फेराइटचे, आणि ते आतून चिकटवलेले असतात. फेराइट हा भाजलेल्या मातीच्या जातीचा पदार्थ, चिनी मातीच्या बशीसारखा ठिसूळ. मी असा एक सेल्फ खोललाय. आधी कुणीतरी त्यावर मोठ्या हातोडीने थेट घाव घातले होते, बाहेरच्या पत्र्यावर खुणा दिसत होत्या. आत चुंबकाचे तीन तुकडे झाले होते आणि एक तुकडा आर्मेचर आणि आवरणाच्या मध्ये पाचरीसारखा घुसला होता. जो सेल्फ चार कार्बनांवर सुधारला असता तो पूर्ण बदलावा लागला. म्हणून लाकडाचा तुकडा किंवा टॉमी मध्ये धरून टिचक्या मारायच्या. दार वाजवताना जेवढा जोर लावतो तेवढा पुरे. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरून तर अजिबात मारू नका. इंजिन सुरू होणार आहे हे लक्षात ठेवून पट्टे आणि पंख्यापासून बाही, ओढणी लांब ठेवा.

कार्बन असलेल्या बाकीच्या मोटरांनाही हेच लागू पडतं. रेडिएटरच्या पंख्याची मोटर, वायपरची मोटर, पेट्रोलच्या टाकीतला पंप. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून-चढून आलेल्या गाडीचं तापमान वर गेलंय आणि पंखा फिरत नाही, अशा वेळी इंजिन बंद करून पंख्याच्या मोटरच्या पाठीवर टिचकी मारल्याने तो चालू झालेला मी पाहिलाय. मात्र हात पात्यांच्या जवळ नको. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांचा पंखा आपोआप फिरायला लागतो. पेट्रोलचा पंप रुसला तर टाकीच्या तळाला मुठीने किंवा रबरी हातोडीने थापटतात. लोखंडी हातोडी तिथे नकोच, कारण पेट्रोलच्या वाफेजवळ एक ठिणगी पुरते.

इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरच्या काळात या ठोक्याला आणखी एक जागा होती. आकुर्डीत बनलेल्या चेतक स्कूटर ज्यांच्या घरी होत्या त्यांना ‘ओव्हर होणं’ समजावून सांगायला नको. कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट तरंगतो, संडासाच्या टाकीतल्या बोंड्यासारखा. पेट्रोल भरलं की तो वर येऊन एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. सुई आणि तिच्या बैठकीत कचऱ्याचा कण अडकला, किंवा बरेच दिवस उभ्या गाडीत पेट्रोल वाळून चिकट थर झाला, की वाट बंद होत नाही आणि पेट्रोल वाहत राहतं, हेच ते ‘ओव्हर’. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन टिचक्या दिल्या की सुई आपल्या जागी बसते. परत परत होत असेल तर वाटी उघडून साफ करणं आणि सुई बदलणं हाच मार्ग. जुन्या बाइक आणि जनरेटर वापरणाऱ्यांना हे आजही उपयोगी आहे.

आतापर्यंतचे ठोके अडकलेल्या गोष्टीला जागेवर बसवणारे होते. दुसरी जात सोडवणाऱ्या ठोक्यांची, आणि तिथे दिशा फार महत्त्वाची.

गंजलेला नट घ्या. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. तांदूळ शिजून फुगावा तसा तो आट्यांच्या फटीत फुगतो आणि नटाला आतून आवळतो. पान्याला पाइप लावून नुसता जोर दिला तर नट सुटण्याआधी बोल्टच पिळून तुटतो. गंज कठीण असला तरी ठिसूळ असतो. बोल्टच्या डोक्यावर सरळ पाच-सहा ठोके मारले की त्या थराला भेगा पडतात, आणि मग त्यावर सोडलेलं तेल त्या भेगांतून आत उतरतं. ठोके न मारता ओतलेलं तेल बरंचसं बाहेरच राहतं. गॅरेजांत रॉकेल नाहीतर डिझेल सोडून रात्रभर ठेवायचे. सकाळी नट आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा. आवळताना गंजाचा थर दुसऱ्या बाजूने मोडतो. खुंटा हलवून बळकट करतात, इथे तो हलवून सैल करायचा.

तरीही नाही सुटला तर उष्णता. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या साधारण दहा लाखांत १२ भाग प्रसरण पावतं. २० मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापवलं तर ते जेमतेम ०.०५ मिलिमीटर मोठं होतं. बारीक केसाएवढं. पण आटे सुटायला तेवढी फट पुरते. ॲल्युमिनियम याच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या इंजिनात अडकलेला पोलादी बोल्ट तापवल्यावर लवकर सुटतो. हे काम पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकच्या होस आणि वायरिंगपासून दूर असेल तरच करा. आज टायरवाल्यांकडे चाकाचे नट काढणारी जी ‘गन’ असते तीही हातोडीच आहे. तिच्या आत एक वजन फिरत येऊन दर फेरीला दुसऱ्या तुकड्यावर गोल दिशेने आदळतं, आणि या दोन भागांना हातोडा आणि ऐरण असंच म्हणतात.

मला सर्वात आवडणारा ठोका टाय रॉडच्या जोडाचा. स्टिअरिंग फिरवलं की चाक वळवणारी सळई म्हणजे टाय रॉड. तिच्या टोकाचा बॉल जॉइंट चाकाच्या बाजूच्या कड्यात बसतो. त्याचा दांडा सरळ नसतो, निमुळता असतो. बऱ्याच गाड्यांत दर ८ मिलिमीटर लांबीला त्याची जाडी १ मिलिमीटरने कमी होत जाते, आणि कड्यातलं भोकही तसंच निमुळतं असतं. नट आवळला की दांडा भोकात पाचरीसारखा रुततो. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेली पाचर आपोआप बाहेर येत नाही, कारण उतार इतका कमी असतो की घर्षणच तिला धरून ठेवतं. इथेही तेच. नट पूर्ण काढून टाकला तरी दांडा जागचा हलत नाही.

मी शिकाऊ असताना हा जोड काढायला बसलो आणि खालून दांड्याच्या टोकावर हातोडी मारत सुटलो. दहा-बारा घावांत दांड्याचं टोक कुत्र्याच्या छत्रीसारखं फुललं, आटे गेले, जोड तसूभर हलला नाही. उलट प्रत्येक घाव स्टिअरिंगच्या बाकीच्या जोडांना बसत होता. वस्ताद येऊन उकिडवे बसले. “सळईला मारू नगंस. कड्याला मार.” त्यांनी दोन हातोड्या मागितल्या. एक जड हातोडी कड्याच्या एका बाजूला टेकवून माझ्या हातात दिली, आणि समोरच्या बाजूने कड्यावर आडवा, नेमका एक ठोका मारला. दुसऱ्या ठोक्याला ‘टप’ असा आवाज झाला आणि जोड आपोआप खाली निसटला.

त्यांनी दांड्याला हातही लावला नव्हता. आडव्या घावाने कड्याचं गोल भोक क्षणभर अंडाकृती होतं. दांडा गोलच राहतो. दोघांची मिठी त्या क्षणापुरती सुटते, आणि मध्ये साठलेला ताण पाचरीला बाहेर फेकतो. पाठीमागे धरलेली जड हातोडी कड्याला निसटून जाऊ देत नाही, म्हणून सगळा घाव कड्यातच मुरतो. नट दोन-तीन आट्यांवर ठेवूनच हे करायचं, म्हणजे जोड पायावर पडत नाही. परत बसवताना स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरून सुटू नये म्हणून आरपार घालून वाकवतात ती पिन, नवीच घालायची, जुनी सरळ करून नाही. हा स्टिअरिंगचा जोड आहे.

कोकणातल्या वाचकांना आणखी एक सांगायला हवं. पावसाळ्यात गाडी हँडब्रेक ओढून आठ-दहा दिवस उभी राहिली की मागच्या ड्रमच्या आत गंज चढतो आणि ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. हँडब्रेक सोडला तरी चाक घासत जातं. आधी गाडी अगदी हळू पुढे-मागे करून बघा. पुष्कळदा ‘कट्’ असा आवाज होऊन सुटतं. नाही सुटलं तर ड्रमच्या सपाट तोंडावर, लाकूड मध्ये ठेवून, फिरत्या क्रमाने ठोके द्यायचे. कडेला मारू नका. ड्रम बिडाचा असतो, बीड वाकत नाही, तुटतं. काही ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून समान आवळत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर येतो, आणि तो मार्ग हातोडीपेक्षा चांगला. पावसात गाडी बरेच दिवस ठेवायची असेल तर सपाट जागी ती गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा.

बेअरिंगवर हातोडी चालवू नये, हे मी दहा वेळा सांगीन. नवं बेअरिंग शाफ्टवर बसवताना बाहेरच्या कडीवर ठोकलं तर तो घाव गोळ्यांमधून आतल्या कडीत जातो. प्रत्येक गोळी कडीला अगदी बारीक जागी टेकलेली असते, त्यामुळे तिथे खड्डा पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, हाताने फिरवूनही कळत नाही. पण गाडी रस्त्यावर आली की काही दिवसांत वेगाबरोबर वाढणारा ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू होतो. बेअरिंग प्रेसनेच बसवावं. प्रेस नसेल तर जी कडी घट्ट बसणार आहे तिलाच पुरेल अशी नळी लावावी. ॲल्युमिनियमच्या आवरणांवर, इंजेक्टरवर, सेन्सरवर, गाडीच्या कॉम्प्युटरवर आणि एअरबॅगच्या जवळपास तर हातोडी नकोच. सेन्सरच्या आत सरकून जागेवर बसणारं काही नसतं, ठोका त्याला फक्त तोडू शकतो. हातोडीने हातोडीवर किंवा कठीण पोलादावर मारताना कपची उडते आणि ती डोळ्यात जाते, म्हणून चष्मा घाला. जिथे जमेल तिथे पितळी दांडा किंवा लाकडी मोगरी वापरा. मऊ धातू स्वतः दबतो, कामाचा भाग वाचतो.

हातोडीचा एक उपयोग मात्र कुठेच नुकसान करत नाही, तो म्हणजे ऐकण्याचा. माठ घेताना आपण टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. तडा गेलेल्या ठिकाणी दोन कडा एकमेकींवर घासतात आणि कंपनं तिथेच मरतात, म्हणून नाद उठत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतीव काम असंच वाजवून बघतात. रेल्वेत डब्यांच्या चाकांवर हातोडी मारत, कान देत चालणारी माणसं असत, तीही चाकाला तडा आहे का हेच ऐकत. आणि गाडीच्या इंजिनालाही आता स्वतःचा कान असतो. नॉक सेन्सर इंजिनाच्या आतली ठोकठोक ऐकतो आणि ती ऐकू आली की ठिणगी जरा उशिरा पडेल अशी सोय होते.

महामार्गावर शिरोलीच्या बाजूला रात्री ट्रक थांबतात. चालक चहाला जातो आणि क्लीनर हातात लोखंडी दांडा घेऊन गाडीला फेरी मारतो. मागच्या चाकांना जोड-टायर असतात. आतला टायर बसला तरी बाहेरचा भार उचलून धरतो, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. म्हणून क्लीनर प्रत्येक टायरवर एक-एक दांडा मारत जातो, आधी बाहेरच्या, मग हात आत घालून आतल्या. हवा भरलेला टायर दांड्याला उडवून परत देतो, बसलेला त्याला गिळून ठेवतो. नेमकी हवा किती हे त्यातून कळत नाही, त्याला गेजच लागतो. पण कुठल्या टायरला गेज लावायचा ते कळतं. एकदा मी तिथे चहा घेत असताना एक पोरगा अशीच फेरी मारत होता. सहाव्या चाकापाशी तो थांबला, परत एकदा मारला, दांडा खाली ठेवला आणि मोबाइलचा दिवा लावून चाकाखाली वाकला.